ढोल्याचं पातेलं

"मांसाहार कायमचा सोडायला कोण तयार आहे?" असं थोरल्या साहेबांनी विचारलं, तेव्हा उपप्रमुखांच्या तोंडात मटणाचा तुकडा होता. जेवणाची सुट्टी होती, साहेब नेहमीप्रमाणे पुढून न येता मागच्या दाराने आले होते, आणि तुकडा लपवायला तोंडाखेरीज दुसरी जागा नव्हती. उपप्रमुखांनी तो न चावता गिळला, डब्याचं झाकण लावलं आणि डबडबलेल्या डोळ्यांनी हात वर केला.

"मी, साहेब," ते कसेबसे म्हणाले. "मी आणि माझं सगळं घर."

डोळ्यांतलं पाणी साहेबांना पश्चात्तापाचं वाटलं. त्यांनी गहिवरून उपप्रमुखांच्या पाठीवर थाप मारली, आणि त्या थापेने घशात अडकलेला तुकडा खाली उतरला. दोघांनाही एकदमच बरं वाटलं.

ही कंपनी गाद्या बनवायची. गाद्या विकायचं काम पुढच्या दालनात चाले, आणि विकलेल्या गादीचं पुढे काय झालं ते ऐकून घ्यायचं काम मागच्या तक्रार विभागात. लोक नुसती तक्रार घेऊन येत नसत, गादी घेऊन येत. "इथं हात लावून बघा," "इथं जरा आडवं होऊन बघा," "असं नाही, कुशीवर वळा," असं सांगत. उपप्रमुखांचं टेबल नेमकं वाटेत असल्यामुळे दिवसातून कितीतरी वेळा त्यांना बूट काढून परक्या माणसाच्या गादीवर लोळावं लागे. दिवसभर लोळूनही पाठ धरलेली असायची, आणि हे दुखणं कोणाला सांगायची सोय नव्हती.

विभागप्रमुखांना मात्र केबिन होती, आणि केबिनला दार होतं. जाड लाकडी दार, पितळी मूठ, आणि ओढलं की "खट्" असा भरीव आवाज. त्या आवाजापलीकडे विभागप्रमुख एकटे बसत, एकटे जेवत आणि बहुधा एकटेच डुलक्या काढत. उपप्रमुखांचा त्या दारावर जीव जडला होता. विभागप्रमुख आता निवृत्त व्हायचे होते आणि केबिनचे दावेदार दोघेच होते: आपले उपप्रमुख आणि गोदामप्रमुख.

थोरल्या साहेबांचं म्हणाल, तर त्यांना गेल्या वर्षी पोटाचं दुखणं झालं होतं आणि डॉक्टरांनी मटण बंद केलं होतं. आपल्याला जे पचत नाही ते दुनियेत कोणालाही पचू नये, असं मोठ्या माणसांना फार लवकर वाटू लागतं. साहेबांनी पुस्तकं मागवली, वाचली, आणि त्यात त्यांना मांस न खाण्याची अनेक कारणं सापडली. कारणं वाईट नव्हती. मुक्या जनावरांचे हाल होतात, एका माणसाच्या मटणाला दहा जणांचं धान्य लागतं, हे सगळं विचार करण्यासारखंच होतं. फक्त पोट ठणठणीत असताना इतक्या वर्षांत साहेबांना त्यातलं एकही सुचलं नव्हतं. आता ते रोज जेवणाच्या सुट्टीत फेरी मारत आणि लोकांच्या डब्यांत डोकावत.

त्या दिवशी साहेबांनी गोदामप्रमुखांकडेही पाहिलं. गोदामप्रमुख आडव्या बांध्याचा आणि मोकळ्या मनाचा माणूस. त्यांनी हाड बाजूला ठेवलं आणि सांगितलं, "साहेब, मी काही सोडत नाही. सोडलं म्हणून खोटं सांगण्यापेक्षा खातो म्हणून खरं सांगतो. आणि मी सोडलं तर तो बोकड काय म्हातारा होऊन पेन्शन घेणार आहे?"

सगळे हसले. मग साहेब हसत नाहीत हे दिसल्यावर सगळे हसायचे थांबले. उपप्रमुख मुळात हसलेच नव्हते, कारण तुकडा अजून छातीत टोचत होता. साहेबांनी तीही गोष्ट ध्यानात ठेवली.

"सगळं घर म्हणजे कोण कोण?" संध्याकाळी बायकोने विचारलं.

"सगळं म्हणजे सगळं."

"मला विचारलं होतंत?"

"अगं, विचारणार कसा? तोंडात घास होता."

बायकोने केबिनची चौकशी केली. दाराची गोष्ट तिला तोंडपाठ होती, पण पगारही वाढतो हे आज नव्याने कळलं. "बघू या मग थोडे दिवस," ती म्हणाली. तिचा प्रश्न सुटला, उपप्रमुखांच्या आईंचा सुटेना.

"मला धरून?" आईंनी विचारलं. "अरे, परवाच कवळी बसवून आणलीस ना माझी? ती काय गाजरं चावायला?"

"आजी, जनावरालाही जीव असतो," कॉलेजात जाणारी मुलगी म्हणाली. तिला बाबांचा आज पहिल्यांदाच अभिमान वाटला होता.

"म्हणून तर चव असते."

"चेष्टा नको, आजी. आपल्याला जगायला मटण लागत नाही, आणि त्याला जगायला त्याचा जीव लागतो. इतकं साधं आहे हे."

उपप्रमुखांना तर आपण इतकं थोर काम करून बसलो आहोत याची कल्पनाही नव्हती. आईंनी मात्र विषयाला बगल दिली आणि टेबलाखाली बोट दाखवलं. "आणि याचं काय?"

टेबलाखाली ढोल्या झोपला होता. आखूड पायांचा आणि पिंपासारख्या पोटाचा हा कुत्रा त्या घरातला एकमेव समाधानी जीव होता. आई म्हणाल्या, "त्यानं काही शपथ घेतलेली नाही. मुका जीव आहे, त्याच्या तोंडचं काढलंत तर पाप लागेल." ते सगळ्यांना पटलं, मुलीलासुद्धा. प्राण्यांची दया यावी म्हणून माणसांनी मटण सोडायचं आणि प्राण्याची दया येते म्हणून मटण आणायचं, असं ठरलं.

दुसऱ्या दिवसापासून माणसांसाठी फ्लॉवर, गाजर, मटार आणि बटाट्याचं सूप शिजू लागलं, आणि मागच्या शेगडीवर एका छोट्या पातेल्यात ढोल्याचं मटण. बायको ते नुसत्या पाण्यात उकडायची. पण वास कुठे नुसत्या पाण्याचा येतो? तो पहिल्यांदा बैठकीच्या खोलीत आला, मग आईंच्या खोलीत गेला आणि तिथेच बसून राहिला.

दुपारी घरात कोणी नसे. आईंनी एकदा पातेल्याचं झाकण उचललं ते केवळ कुत्र्याचे हाल होत नाहीत ना हे पाहायला. एक तुकडा उचलला तो गरम आहे का बघायला. तो गरम नव्हता. मग तो परत ठेवणं त्यांना बरं दिसेना.

बायकोला शिजलंय की नाही हे चाखून पाहावंच लागे. चाखताना तिला अळणी लागलं, म्हणून तिने चिमूटभर मीठ घातलं. मीठ पडल्यावर कांदा नसल्याचं जाणवलं. कांद्यामागून मिरी आली, आणि मिरी आली म्हटल्यावर लसूण काय लांब होता? मुलगी कॉलेजातून भुकेली यायची, आणि आधी पातेल्यातल्या बोकडाच्या डोळ्यांची कल्पना करून रडायची. तिचं रडं खरं होतं. रडून भूक आणखी लागायची. उपप्रमुख सकाळी ढोल्याला फिरवून आणत आणि घर उठायच्या आत स्वयंपाकघरात दोन मिनिटं एकटे उभे राहत. कुत्र्याचं जेवण दिवसेंदिवस रुचकर होत चाललंय असं त्यांच्या लक्षात आलं होतं. पण याबद्दल बायकोचं कौतुक करायची सोय नव्हती.

प्रत्येकाला वाटे की आपण तेवढे चोर, बाकी सगळं कुत्रा खातो. आणि चोर असले तरी माणसं भली होती. कुत्र्याचं आपण खाल्लं, तेवढं भरून द्यावं या सद्बुद्धीने प्रत्येक जण गुपचूप खाटकाकडे जायचा आणि थोडं जास्तच आणून पातेल्यात टाकायचा. छोट्या पातेल्याच्या जागी मधलं आलं. मधल्याच्या जागी पाहुण्यांसाठीचं आलं.

खाटकाचं दुकान कोपऱ्यावरच होतं. स्वच्छ काच, धुतलेली फरशी, आणि स्वतःच्या मालाचा अभिमान असलेला गोरा, गुटगुटीत मालक. त्याच्याकडे पहिल्यांदा आई गेल्या.

"आमच्या ढोल्यासाठी हवंय, कुत्र्यासाठी," त्या म्हणाल्या. "कोवळं दे. त्याला दात नाहीत."

मग बायको आली. "कुत्र्यासाठी. हाडं काढून द्या, आणि कलेजी असेल तर तीही. तो नाजूक झालाय हल्ली."

मग मुलगी आली. "खिमा द्या. कुत्र्यासाठी. बारीक करा, म्हणजे कळत नाही कशाचं आहे ते."

सकाळी दुकान उघडता उघडता उपप्रमुख आले. त्यांनी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहून घेतलं. "बरगडीचं द्या. थोडी चरबी राहू दे. कुत्र्याला थंडी बाधते."

खाटकाने आयुष्यात बरीच कुत्री पाहिली होती, पण त्यातल्या एकानेही कधी कलेजी मागून घेतली नव्हती. बोळकं असूनही बरगड्या खाणारा, नाजूक असूनही इतकं पचवणारा हा कुत्रा असेल तरी केवढा, या विचाराने तो थक्क झाला. मग त्याला त्या कुत्र्याविषयी आदर वाटू लागला. सकाळी माल आला की पहिला चांगला तुकडा काढून तो बाजूला ठेवायचा. कोणी त्याला हात लावला तर म्हणायचा, "तो नाही विकायचा. ढोल्याचा आहे."

खुद्द ढोल्याला मात्र यातलं काही मिळत नव्हतं. त्याच्यापर्यंत पातेलं पोचायचं तेव्हा चाटण्याइतकीही चव शिल्लक नसायची. उलट रात्री जेवताना टेबलाखाली चार बाजूंनी चार हात यायचे. एका हातात फ्लॉवर, एकात गाजर, एकात मटार आणि चौथ्यात चावून बाहेर काढलेली घेवड्याची शेंग. आधी त्याने अपमान झाल्यासारखं तोंड फिरवलं. मग पोटात कावळे ओरडू लागले तेव्हा नाइलाजाने खाल्लं. पुढे पुढे त्याला फ्लॉवर इतका आवडू लागला की बाजारहाटाची पिशवी दिसताच तो शेपूट हलवत धावायचा. त्याचं पोट आत गेलं, केस चकाकू लागले, जिना तो एका दमात चढू लागला. शेजारी म्हणाले, "मटण चांगलं मानवलंय हो तुमच्या कुत्र्याला."

इकडे साहेबांनी उपप्रमुखांचं नाव इतक्यांदा घेतलं की कचेरीत त्यांची फजिती होऊ लागली. "आदर्श कुटुंब" म्हणून साहेब त्यांचे दाखले देत आणि उपप्रमुख खाली मान घालून उकडलेला बटाटा खात. अखेर एक दिवस साहेब म्हणाले, "सुट्टीच्या दिवशी तुमच्याकडंच जेवायला येतो. घर डोळ्यांनी बघतो, आणि मग केबिनचं काय ते जाहीर करतो."

उपप्रमुख त्या रात्री नीट झोपले नाहीत. झोप लागली तेव्हा स्वप्नात ते दार दिसलं, आणि आतून कोणीतरी ते ओढून घेत होतं.

सुट्टीच्या दिवशी बायकोने घर लख्ख केलं. ढोल्याचं पातेलं झाकून मागच्या गॅलरीत नेऊन ठेवलं आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. संध्याकाळी साहेब आले ते कोबीचा मोठा गड्डा रंगीत कागदात गुंडाळून घेऊन आले. तो त्यांनी फुलांच्या गुच्छासारखा आईंच्या हातात दिला. आईंनी त्याचा वास घेतला आणि तो बाजूला ठेवला.

जेवण छान चाललं होतं. साहेब जनावरांच्या यातनांवर बोलत होते, अगदी खोलात शिरून बोलत होते, आणि त्यांचा आवाज मधूनमधून भरून येत होता. मुलगी खरोखरच हळवी झाली होती. टेबलाखाली ढोल्या फ्लॉवरची वाट पाहत होता, पण साहेबांसमोर आज कोणाचाच हात खाली येत नव्हता. तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

दारात खाटीक उभा होता. इस्त्रीचा शर्ट, भांग पाडलेला, हातात कागदाचं पुडकं. "आज दुकान लवकर बंद केलं," तो लाजत म्हणाला. "म्हटलं, ढोल्याला भेटून यावं. इतके दिवस त्याचं करतोय, पण अजून तोंड पाहिलं नाही."

त्याला बाहेरच्या बाहेर वाटेला लावावं असं उपप्रमुखांच्या मनात होतं, पण तोवर तो आत येऊन चपला काढून मोकळा झाला होता.

"हे कोण?" साहेबांनी विचारलं.

"ढोल्याच्या ओळखीचे आहेत," बायको म्हणाली.

"मी खाटीक," खाटकाने अदबीने सांगितलं. "कोपऱ्यावरचं दुकान आपलंच."

साहेबांचा चमचा हवेतच थांबला. बायकोने घाईघाईने सगळं समजावलं: माणसांनी सोडलंय, पण कुत्रा मुका जीव, त्याच्यासाठी म्हणून थोडंसं. साहेबांनी नाक मुरडलं. तरी बराच विचार करून ते म्हणाले, "कुत्र्याचं मी समजू शकतो."

"नाही साहेब, समजायला तो बघायलाच हवा," खाटीक रंगात येऊन म्हणाला. "अहो, अख्खं घर राबतं त्याच्यासाठी. सकाळी हे येतात बरगडीचं न्यायला. दुपारी आजी कोवळं नेतात. मग वहिनी कलेजीला. संध्याकाळी ताई खिम्याला."

चार माना हळूहळू वळल्या आणि चार माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सगळे मूग गिळून गप्प बसले, आणि मुगासारखेच मटारही ताटात समोर होते.

आपलं नाव ऐकून ढोल्या टेबलाखालून बाहेर आला. खाटकाने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्यामागे पाहिलं, मग वाकून टेबलाखाली पाहिलं. "आणि मोठा कुठंय?" त्याने विचारलं.

"हाच," उपप्रमुख म्हणाले.

खाटकाचा विश्वास बसला नाही. पण भक्ताने देवाची परीक्षा घेऊ नये तसं त्याने काही न विचारता पुडकं सोडलं. आत मऊ, गुलाबी, बिनहाडाचा तुकडा होता. त्याने तो ढोल्यापुढे जमिनीवर ठेवला. ढोल्याने एकदा वास घेतला. मग त्याने तुकड्याला वळसा घातला, साहेबांच्या खुर्चीखाली पडलेला फ्लॉवरचा तुरा उचलला आणि मन लावून खाऊ लागला.

खाटीक पांढराफटक पडला. "म्हणजे माझ्या मालाला कुत्रा तोंड लावत नाही?" तो पुटपुटला. "हे बाजारात कळलं तर माझ्या दुकानाला टाळं लागेल हो. आज सकाळचा माल आहे. साहेब, तुम्ही शहाणे आहात. तुम्हीच वास घेऊन सांगा."

त्याने तुकडा उचलून साहेबांच्या नाकाशी धरला. साहेबांनी डोळे मिटले. वास घ्यायला इतका वेळ लागत नाही, पण साहेबांनी तो घेतला. डोळे उघडले तेव्हा ते ओलसर होते. "मालात दोष नाही," ते हळूच म्हणाले. मग भानावर येऊन त्यांनी भुवया उंचावल्या. "पण हा मटण खात नाही. मग इतक्या दिवसांचं मटण गेलं कुठं?"

आईंची कवळी तोंडातल्या तोंडात वाजली. मुलीने रुमालात तोंड लपवलं. उपप्रमुखांना कुठेतरी लांब एक जाड दार ओढल्याचा आवाज ऐकू आला, भरीव "खट्", आणि आत गोदामप्रमुख हाडं चोखत बसलेले दिसले. त्यांच्या मनात आलं की आता खरं सांगून टाकावं. पण तोंड उघडलं तेव्हा दुसरंच बाहेर पडलं.

"साहेब, आज दुपारपर्यंत खात होता."

"दुपारपर्यंत?"

"हो. मघाशी तुम्ही बोलत होता ना, त्या जनावरांच्या यातनांबद्दल? तेव्हा तो टेबलाखालीच होता." उपप्रमुखांनी ढोल्याकडे बोट दाखवलं. "ऐकत होता, साहेब."

बायकोने डोळे मिटून घेतले. कोणत्याही शहाण्या माणसाला हे पचलं नसतं. पण अन्न पचायला पोट लागतं, स्तुती पचायला तेही लागत नाही. साहेबांनी चमचा खाली ठेवला आणि वाकून ढोल्याकडे पाहिलं. ढोल्याचा तुरा संपला होता आणि त्याला आणखी हवा होता. त्याने ओल्या डोळ्यांनी साहेबांकडे बघत त्यांच्या गुडघ्यावर अलगद पंजा ठेवला.

"मला जाणवत होतं," साहेब घोगऱ्या आवाजात म्हणाले. "कोणीतरी फार मन लावून ऐकतंय, हे मला जाणवत होतं."

"म्हणजे मालात काही खोट नाही ना?" खाटकाने पुन्हा खात्री करून घेतली.

"अजिबात नाही. तुमच्या मटणाचा दोष नाही, माझ्या बोलण्याचा गुण आहे."

खाटकाचा जीव भांड्यात पडला. तरी जाताना त्याने ढोल्याच्या डोक्यावरून हात फिरवला तो हळहळतच, कारण असं गिऱ्हाईक पुन्हा मिळणार नव्हतं. त्याने पुडकं बांधलं. ते दाराबाहेर जाईपर्यंत साहेब त्याच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी ढोल्याच्या पंजाशी हस्तांदोलन केलं, उपप्रमुखांना "उद्या लवकर या" म्हणून सांगितलं, आणि गेले.

दार लागल्यावर बायको गॅलरीत गेली आणि पातेलं घेऊन आली.

"आई, तू?" उपप्रमुखांनी विचारलं.

"दुपारी. तू?"

"सकाळी, सगळे झोपलेले असताना."

"मी कॉलेजातून आल्यावर," मुलगी म्हणाली. "पण आधी रडायचे मी. खरंच."

"आणि मी वेडी," बायको म्हणाली, "मला वाटायचं कुत्रा किती आवडीनं खातो. त्याच्यासाठी लसूण सोलत बसायचे."

मग चौघांनी पातेल्याभोवती उभं राहून ते संपवलं. इतक्या दिवसांत चौघे पहिल्यांदा एकत्र जेवले, आणि उपप्रमुखांना बायकोच्या हाताची चव चारचौघांत सांगता आली. ढोल्या थोडा वेळ जवळ घुटमळला आणि कंटाळून झोपी गेला.

दुसऱ्या दिवशी केबिन उपप्रमुखांना मिळाली. कचेरीत टाळ्या वाजल्या. साहेबांनी सांगितलं की ढोल्याही रोज कचेरीत येईल, केबिनमध्येच बसेल, आणि जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांनी त्याला भाजी खाताना पाहावं, म्हणजे माणसांना लाज वाटेल. फक्त एक अडचण होती. दार बंद असलं की बाहेरून दिसत नसे. साहेबांनी सुतार बोलावून दार बिजागऱ्यांसकट काढायला लावलं.

आता नवे विभागप्रमुख रोज सुट्टीत त्या उघड्या चौकटीत बसून फ्लॉवर खातात आणि अख्खी कचेरी त्यांच्याकडे आणि ढोल्याकडे आळीपाळीने पाहते. गादीवाले तर थेट टेबलापर्यंत गादी आणतात, कारण अडवायला काही नाही. काढलेलं दार गोदामात पाठवलं होतं. गोदामप्रमुखांनी ते आपल्या जेवायच्या कोपऱ्याला बसवून घेतलं. सुट्टी झाली की तिकडून "खट्" असा आवाज येतो, आणि थोड्या वेळाने दाराच्या फटीतून वास येतो.

घरी त्याहून बिकट झालं. ढोल्याने मटण सोडल्याची गोष्ट खाटकाने बाजारभर सांगितली होती, आपल्या मालाचं नाव राहावं म्हणून जरा रंगवूनच. त्या घरातलं कोणीही दुकानावरून गेलं की तो सुरी बाजूला ठेवून विचारायचा, "कसा आहे हो ढोल्या? अजून खात नाही ना?" आणि बाकीची दुकानंही कान टवकारायची. अशा ठिकाणी काय तोंडाने मटण मागायचं? शिवाय ढोल्या कचेरीतूनच पोटभर जेवून येऊ लागल्यामुळे टेबलाखाली भाजी सरकवायचीही सोय उरली नव्हती. घराने मांस सोडलं होतं, आणि या खेपेला ते खरोखरच सुटलं होतं.

"चांगलंच झालं म्हणायचं," मुलगी एका संध्याकाळी ताटातल्या गाजराकडे बघत म्हणाली. तिला ते मनापासून पटत होतं, म्हणून तर इतकं वाईट वाटत होतं. बराच वेळ नुसता चावण्याचा आवाज येत राहिला.

मग आईंनी कवळी नीट बसवली आणि मुलाकडे पाहिलं. "ऐक रे. आपण आणखी एक कुत्रा पाळू या."

"आता कशाला, आई?"

"ढोल्या एकटा पडतो बिचारा," आई म्हणाल्या. त्यांनी घेवड्याची शेंग ताटाच्या कडेला सारली. "पण या खेपेला जरा नीट चौकशी करून आण हो. खाण्यापिण्याच्या बाबतीत ठाम असला पाहिजे."